नाव गार्डचं, काम ड्रायव्हरचं

आमच्या भुसावळात ‘गार्ड’ म्हटलं की एकच माणूस डोळ्यांपुढे उभा राहतो. पांढरा गणवेश, हातात हिरवी झेंडी, गाडीच्या शेवटच्या डब्यातून अर्धा बाहेर वाकलेला. २०२२ मध्ये रेल्वेनं त्याचं नाव बदलून ‘ट्रेन मॅनेजर’ केलं, पण क्वार्टरांमध्ये तो अजून गार्डसाहेबच आहे. त्यामुळे दाजींनी जेव्हा विचारलं, “पोरगी म्हणते, बास्केटबॉलमध्ये गार्ड व्हायचं. तिथं झेंडी कोणाला दाखवायची असते भो?” तेव्हा आधी हसू आलं. मग उत्तर देता देता रात्रीचे अकरा वाजले.

दाजी रावेर तालुक्यात केळी लावतात. भाची दहावीला, उंची पाच फूट चार इंच, आणि मोबाइलवर अमेरिकेतल्या एनबीए या व्यावसायिक लीगचे सामने बघून डोक्यात वारं भरलेलं. मी कॉलेजात असताना गार्ड म्हणून खेळायचो, एप्रिलात सकाळी नऊनंतर पाय ठेववत नसे अशा सिमेंटच्या कोर्टावर. त्या खेळानं मला एक कुरकुरणारा गुडघा दिला आणि ‘बास्केटबॉलमधलं मामाला कळतं’ अशी घरापुरती ख्याती. दाजींचे प्रश्न मात्र सौदा करायला बसल्यासारखे होते. काम काय, ते मिळतं कसं, पैसे कोण देतं, किती वर्षं टिकतं. जेवण भरीत आणि कळण्याच्या भाकरीचं झालेलं, ओट्यावर गार वारा होता, कोणाला उठायची घाई नव्हती.

आधी नावाचा घोळ. डिसेंबर १८९१. अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्डमध्ये जेम्स नाइस्मिथ नावाचे व्यायामशिक्षक होते. बाहेर हाडं गोठवणारी थंडी, आत कंटाळलेली अठरा पोरं. नाइस्मिथांनी पीचच्या दोन टोपल्या हॉलच्या सज्जाला दहा फुटांवर ठोकल्या आणि नऊ-नऊ जणांचे दोन संघ केले. तिघं पुढे, तिघं मध्ये, तिघं मागे आपल्या टोपलीची राखण करायला. हे राखणदार म्हणजेच गार्ड. म्हणजे मुळात हा शब्द भुसावळच्या अर्थाला धरूनच होता. सगळ्यात मागे राहणारा माणूस.

पण नाइस्मिथांच्या मूळ तेरा नियमांत चेंडू घेऊन पळायला बंदी होती आणि टप्पे मारत पुढे जाणं, म्हणजे ड्रिबल, त्यात नव्हतंच. ते नंतर खेळणाऱ्यांनीच शोधून काढलं. ड्रिबल आलं आणि कामं उलटीपालटी झाली. समोरच्यांनी बास्केट केली की चेंडू आपल्याच टोपलीखालून पुन्हा सुरू होतो. तो टप्पे मारत पुढे नेणार कोण, तर तिथं मागे असलेला, हाताला चलाख माणूस. मागच्या डब्यातला माणूस इंजिनात जाऊन बसला, पाटी मात्र बदलायची राहून गेली.

आता एका संघाचे पाच जण कोर्टावर असतात आणि त्यातले साधारण दोन गार्ड. चेंडू आणणारा, चाल ठरवणारा तो पॉइंट गार्ड. प्रशिक्षक त्याला ‘एक नंबर’ म्हणतात. लांबून नेम धरणारा तो शूटिंग गार्ड, ‘दोन नंबर’. (आपल्याकडे दोन नंबरचा म्हटल्यावर जो अर्थ निघतो, तो इथं नाही.) अलीकडे ही सीमारेषा पुसट झालीय. तरी गाडी कोण चालवतंय हे पाहिलं की एक नंबर ओळखू येतो.

गाडी चालवायची, पण घड्याळ डोक्यावर धरून. आपल्या हाती चेंडू आला की २४ सेकंदांत नेम मारायलाच लागतो आणि त्यातल्या पहिल्या आठ सेकंदांत मधली रेघ ओलांडावी लागते. हा चोविसाचा आकडा आला कुठून? १९५० मध्ये एनबीएत एक सामना १९-१८ असा संपला. पुढे असलेला संघ चेंडू दाबून बसायचा आणि लोक जांभया देत घरी जायचे. सिरॅक्यूज संघाचे मालक डॅनी बियासोन यांनी साधा भागाकार केला. सामना ४८ मिनिटांचा, म्हणजे २,८८० सेकंद. रंगतदार सामन्यात दोन्ही संघ मिळून साधारण १२० नेम मारतात. भागा. चोवीस. १९५४ पासून नियम लागू झाला. दाजींना पूर्ण रात्रीत सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट ही. “हिशेबी माणूस होता,” म्हणाले.

आता खरं काम, ते नीट समजून घ्यायला हवं. गार्डचं पोट ज्या एका चालीवर चालतं, तिला ‘पिक अँड रोल’ म्हणतात.

समजा भाची चेंडू घेऊन उभी आहे आणि तिच्यासमोर तिला अडवणारी मुलगी. भाचीच्या संघातली सगळ्यात उंच, दणकट मुलगी धावत येते आणि त्या अडवणारीच्या वाटेत पाय रोवून उभी राहते. ढकलायचं नाही, हलायचं नाही, नुसतं आड उभं राहायचं. आठवडी बाजारात गल्लीच्या तोंडाशी हातगाडी आडवी लागते ना, तसं. भाची त्या आडोशाला खांदा घासून निघते आणि अडवणारी क्षणभर गाडीत अडकते.

आता समोरच्या संघाला काहीतरी एक ठरवावं लागतं. अडकलेली मुलगी आडोशाच्या मागून वळसा घालून आली, तर भाचीसमोर मोकळी जागा पडते. तिथूनच लांबचा नेम. ती आडोशाला चिकटून भाचीच्या मागे धावली, तर ती मागेच राहते. भाचीनं सरळ आत घुसायचं. दोघींनी आपापली माणसं बदलून घेतली, तर उंच, जड मुलगी भाचीच्या वाट्याला येते. मग कबड्डीतल्या चढाईसारखी हूल द्यायची, डावीकडे झुकून उजवीकडे निघायचं. दोघी मिळून भाचीवरच तुटून पडल्या, तर आड उभी राहिलेली उंच मुलगी वळून टोपलीकडे मोकळी सुटते. तोच ‘रोल’. चेंडू तिला द्यायचा. आणि तिला थोपवायला कोपऱ्यातून तिसरीच कोणी धावली, तर तो कोपरा ओस पडतो, म्हणून चेंडू तिकडे भिरकवायचा.

पाच वाटा आणि निवडायला जेमतेम अर्धा सेकंद. पाहणाऱ्याला वाटतं, गार्ड चेंडूकडे बघतोय. तो चेंडूकडे बघतच नाही, ते हाताचं काम. तो बघतो लांबच्या त्या तिसऱ्या माणसाच्या पायांकडे. टाच उचलली गेली का? वजन आत झुकलं का? चढाईला गेलेला खेळाडू समोरच्याशी झोंबताना नजर कोपरारक्षकाच्या पावलांवर ठेवतो, तीच विद्या. ती पायांपेक्षा जास्त वर्षं टिकते, आणि पुढे पैशाच्या गोष्टीत तिची गरज पडणार आहे.

“मग उंचीचं काय?” दाजी. बरोबर विचारलं. टोपली दहा फुटांवर, म्हणजे हा उंच माणसांचा खेळ, आणि गार्ड ही त्यातली बुटक्यांसाठी उघडी राहिलेली एकच खिडकी. पाच फूट तीन इंचांचा मग्सी बोग्ज १९८७ पासून १४ हंगाम एनबीएत खेळला. उलट मॅजिक जॉन्सन सहा फूट नऊ इंचांचा, सेंटर, म्हणजे टोपलीखालचा उंच माणूस, म्हणून सहज खपला असता, पण तो पॉइंट गार्ड झाला आणि लेकर्स संघाबरोबर पाच विजेतेपदं जिंकला. तेव्हा उंची नडतेच असं नाही. पण सहा फुटांखालच्या माणसाला बाकी सगळ्यात सवाई असावं लागतं, यात लपवाछपवी नको. भाची हे ऐकताना खाली बघत होती.

नियमांनीही गार्डला हात दिला. १९७९-८० च्या हंगामात एनबीएत तीन गुणांची रेघ आली. आता ती टोपलीपासून सव्वासात मीटरच्या आसपास आहे. आपल्याकडच्या आंतरराष्ट्रीय नियमांत पावणेसात मीटर. गणित करून बघा. जवळून शंभर नेम मारले आणि निम्मे गेले, तर शंभर गुण. रेघेबाहेरून शंभर मारले आणि छत्तीसच गेले, तरी एकशे आठ. हे उघड गणित पचनी पडायला संघांना तीसेक वर्षं लागली. दुसरा बदल २००४ चा. त्याआधी अडवणारा गार्डच्या कमरेवर पंजा ठेवून त्याला बैलासारखा वळवायचा. त्यावर कडक बंदी आली. लगेच पुढच्या दोन वर्षी, २००५ आणि २००६ मध्ये, लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला स्टीव्ह नॅश. कॅनडात वाढलेला, दिसायला साधासुधा पॉइंट गार्ड.

आता शिरकाव. एनबीएत ३० संघ, प्रत्येकाकडे १५ पक्के करार, म्हणजे ४५० जागा. शिवाय संघामागे तीन अर्धेमुर्धे करार, ज्यात खेळाडू खालच्या जी लीगमध्ये खेळतो आणि हाक आली की वर जातो. दर जूनमध्ये ड्राफ्ट होतो, म्हणजे संघ पाळीपाळीनं नवे खेळाडू निवडतात. दोन फेऱ्या, जास्तीत जास्त साठ नावं. जगातला कोणीही खेळाडू, पण ज्या संघानं नाव घेतलं त्याच्याकडेच जायचं. आत साठ यायचे, तर आतले तितके बाहेर पडायला हवेत. जागा वाढत नाहीत.

ड्राफ्टच्या आधी पोरांची उंची अनवाणी मोजतात, पसरलेल्या हातांची लांबी मोजतात, उडी मोजतात. सारंगखेड्याच्या यात्रेत घोड्याचे दात बघतात, खूर उचलून बघतात, चाल काढून बघतात, अगदी तसं. आणि तिथल्यासारखीच इथंही जाणत्यांची फसगत होते. २००९ मध्ये मिनेसोटाकडे पाचवी आणि सहावी अशा लागोपाठ दोन निवडी होत्या. दोन्ही वेळा त्यांनी पॉइंट गार्डच घेतले, रिकी रुबियो आणि जॉनी फ्लिन. सातव्या क्रमांकावर गोल्डन स्टेटनं एका हडकुळ्या पोराला उचललं, स्टीफन करी. फ्लिनची एनबीए तीन हंगामांत संपली. करी तीन गुणांच्या नेमांत इतिहासात पहिल्या क्रमांकावर आहे. बाजारात फसलेल्या माणसाची आपण जशी पिढ्यान्‌पिढ्या आठवण काढतो, तशी मिनेसोटाची लोक काढतात.

इथून पुढे पैसा, आणि इथं मला दाजींचीच भाषा सापडली. सालदार.

बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. खानदेशात शेतावर वर्षाच्या बोलीनं ठेवलेला माणूस म्हणजे सालदार. त्याचं साल आखाजीला, अक्षय तृतीयेला, संपतं आणि नवं ठरतं. त्या दिवशी तो मोकळा. मालक पटला तर तिथंच, नाही तर दुसरं शेत. वर्षभर कितीही राबा, आकडा ठरतो आखाजीला. त्या वेळी पाठ धरली असेल तर आकडा पडतो, आणि गावात सालदारांची टंचाई असेल तर चढतो.

एनबीएची आखाजी जुलैच्या तोंडावर येते. करार संपलेले खेळाडू मोकळे होतात आणि बोली लागते. (सालदाराला मिळतात हजार, यांना कोटी. तुलना पैशाची नाही, तारखेची आहे, हे दाजींनाही बजावलं.) फरक इतका की साल एक वर्षाचं नसतं. पहिल्या फेरीत निवडलेल्या पोराला ठरलेल्या दरानं दोन वर्षांची हमी असते, तिसरं-चौथं वर्ष संघाच्या मर्जीवर. त्यानंतर दुसऱ्यानं बोली लावली तरी जुना संघ तेवढेच पैसे भरून त्याला ठेवून घेऊ शकतो. म्हणजे खरी मोकळी आखाजी यायला बऱ्याचदा सात-आठ वर्षं जातात. दुसऱ्या फेरीतल्याला ती ठरलेली हमीही नाही.

शिवाय मालकांच्या हातालाही दोरी आहे. लीगच्या एकूण कमाईचा सुमारे निम्मा हिस्सा खेळाडूंचा, आणि त्यावरून दर वर्षी एका संघाच्या पगाराची मर्यादा ठरते. एका खेळाडूला त्या मर्यादेच्या जास्तीत जास्त २५, ३० किंवा ३५ टक्के, लीगमध्ये किती वर्षं काढली त्यानुसार. एजंटाची दलाली चार टक्क्यांच्या वर जाऊ शकत नाही. हे ऐकून दाजींनी काही तरी पुटपुटलं, ते केळीच्या व्यापाऱ्यांबद्दल होतं.

आता तीन गार्डांची गोष्ट ऐका.

पहिला करीच. २०११-१२ मध्ये त्याचा घोटा इतक्यांदा मुरगळला की हंगामात २६ सामनेच झाले. नेमक्या त्याच वेळी पुढचा करार ठरायचा होता. घोटा फुटका, आकडा बेताचा. चार वर्षं, ४ कोटी ४० लाख डॉलर. मग घोटा सावरला आणि २०१५, २०१६ असा दोनदा तो लीगचा सर्वोत्तम ठरला, त्याच जुन्या स्वस्त पगारात. त्याच्या संघाला इतका उरलेला पैसा मिळाला की २०१६ मध्ये त्यांनी केव्हिन ड्युरंटसारखा खेळाडू आणला. करीची आखाजी आली २०१७ मध्ये, पाच वर्षांचे २० कोटी १० लाख.

दुसरा माइक कॉन्ली. मेम्फिसचा शांत, डावखुरा पॉइंट गार्ड. तोवर एकदाही ऑल-स्टार, म्हणजे हंगामातल्या निवडक खेळाडूंच्या, संघात निवड नाही. त्याचा करार संपला २०१६ च्या उन्हाळ्यात, आणि त्याच वर्षी टीव्हीच्या नव्या कराराचा पैसा लीगमध्ये आला. पगाराची मर्यादा एका उडीत ७ कोटींवरून ९ कोटी ४० लाखांच्या पुढे गेली. सगळ्या मालकांच्या खिशात एकदम पैसा आणि बाजारात गार्ड मोजके. कॉन्लीला मिळाले पाच वर्षांचे १५ कोटी ३० लाख, तोवरचा एनबीएतला सगळ्यात मोठा करार. चांगला खेळाडू होता, पण पीक नेमकं भाव चढलेल्या दिवशी बाजारात गेलं.

तिसरा आयझया थॉमस. पाच फूट नऊ इंच. २०११ च्या ड्राफ्टमध्ये साठातला साठावा. २०१४ मध्ये चार वर्षांसाठी २ कोटी ७० लाखांचा करार झाला, आणि त्याच करारात असताना बोस्टनकडून २०१६-१७ मध्ये त्यानं सामन्यामागे २८.९ गुण काढले. पूर्ण लीगमध्ये तिसरा. त्या एप्रिलमध्ये मोटार अपघातात त्याची धाकटी बहीण गेली. तो दुसऱ्या दिवशी खेळला. तिच्या वाढदिवशी, २ मेला, त्यानं ५३ गुण केले. तोवर खुबा दुखावलेला होता, तरी तो खेळत राहिला, शेवटी बसावंच लागलं. ऑगस्टमध्ये बोस्टननं त्याला क्लीव्हलँडला देऊन टाकलं. त्याची आखाजी आली २०१८ मध्ये, आणि तेव्हा खुब्यावर कोणाचा भरवसा नव्हता. डेन्व्हरनं एक वर्षाचा, नियमानं देता येईल तो किमान पगार दिला, सुमारे २० लाख डॉलर.

वर्षभर आधी आखाजी आली असती तर? असं विचारायचं नसतं, पण दाजी बराच वेळ गप्प बसले. जूनमधल्या वादळानं घडाला आलेली बाग आडवी झालेली त्यांनी दोनदा पाहिलीय.

विमा मात्र एनबीएत बरा आहे. एकदा हमीचा करार झाला की पाय मोडला तरी पैसे मिळतात. डेरिक रोझ हा शिकागोचाच पोरगा, शिकागोनंच २००८ मध्ये पहिल्या क्रमांकावर निवडलेला. २०११ मध्ये २२ व्या वर्षी लीगचा सर्वोत्तम, इतक्या लहान वयात तोवर आणि अजूनही कोणी नाही. डिसेंबर २०११ मध्ये पाच वर्षांचा सुमारे ९ कोटी ४० लाखांचा करार झाला. २८ एप्रिल २०१२ ला, बाद फेरीच्या पहिल्याच सामन्यात, शेवटची दीड मिनिटं उरली असताना आणि संघ बारा गुणांनी पुढे असताना त्याच्या डाव्या गुडघ्यातला बंध तुटला. धक्का कोणाचाच नाही. तो नुसता थांबून उडाला.

गुडघ्याच्या आत दोन आडवे-तिडवे बंध असतात. पुढचा जो, तो नडगीच्या हाडाला मांडीखालून पुढे सटकू देत नाही. सरळ धावताना त्याच्यावर फारसा ताण नसतो. भरवेगात असताना अचानक ब्रेक मारला, पाय जमिनीला खिळला आणि धड वळलं की सगळा भार त्या दोरीएवढ्या पट्ट्यावर येतो. आणि गार्डचं काम म्हणजे दुसरं काय? धाव, थांब, वळ. सामन्यात शंभरदा. तो बंध शिवून जुळत नाही, शरीरातलाच दुसरा तंतू घेऊन नवा बसवावा लागतो. रोझचा पुढचा आख्खा हंगाम गेला. परत आला तर दुसऱ्या गुडघ्यातली गादी फाटली. करारामुळे पैसे मिळाले, वेग परत मिळाला नाही. तरी तो खेळत राहिला, २०१८ मध्ये मिनेसोटाकडून एका रात्री ५० गुण काढले आणि त्या रात्री रडला. २०२४ मध्ये निवृत्त झाला.

माझ्या गुडघ्यातला तो बंध शाबूत आहे, गादी झिजलीय. पाऊस यायच्या आदल्या दिवशी कळतं.

मग टिकतं कोण? ज्याच्या डोळ्यांचं भांडवल पायांपेक्षा मोठं आहे तो. जॉन स्टॉकटन युटाकडून १९ हंगाम खेळला. १५,८०६ असिस्ट, म्हणजे त्याच्या पासवर सहकाऱ्यानं बास्केट केली असं इतक्यांदा. कोणी त्याच्या आसपासही पोचलेलं नाही. दुसऱ्या क्रमांकावरचा ख्रिस पॉल, सहा फुटी, २००५ मध्ये लीगमध्ये आला. तिशीनंतर तो टोपलीपर्यंत घुसायचंच कमी करत गेला. आडोशावरून निघायचं, अडवणाऱ्याला पाठीवर घेऊन हळूच थांबायचं, त्याला हलू द्यायचं नाही, आणि मधल्या अंतरावरून नेम किंवा पास. २०२४-२५ मध्ये सॅन अँटोनियोकडून तो ८२ च्या ८२ सामन्यांत पहिल्या पाचात उतरला, चाळिशीला टेकलेला असताना. पंचविशीतली पोरं विश्रांती घेत होती. म्हाताऱ्या गार्डला संघ घेतात त्याचं आणखी एक कारण, तो शेजारी बसून तरण्या गार्डला डोळे उसने देतो.

खालच्या थरातल्यांबद्दल थोडक्यात. जेरेमी लिनला २०१० च्या ड्राफ्टमध्ये कोणी घेतलं नाही. दोन संघांनी काढून टाकलं. न्यूयॉर्कमध्ये तो नातलगाच्या, मित्राच्या सोफ्यावर झोपत होता. फेब्रुवारी २०१२ मध्ये दुसरे गार्ड जायबंदी झाले म्हणून त्याला उतरवलं, त्यानं २५ गुण केले आणि पुढचे काही आठवडे सगळं न्यूयॉर्क त्याच्या मागे वेडं झालं. त्याच उन्हाळ्यात करार संपत होता. ह्यूस्टननं तीन वर्षांचे अडीच कोटी डॉलर दिले. आखाजी गाठली! पण असे शंभरात एक. बाकीचे दहा-दहा दिवसांच्या करारावर (होय, असा करार असतो) किंवा तुर्कस्तान, स्पेन, ऑस्ट्रेलिया, चीन अशा लीगांमध्ये वर्षागणिक गाव बदलत राहतात.

भाचीनं इथं तोंड उघडलं. “आणि मुलींचं, मामा?”

२०२४ मध्ये मुलींच्या डब्ल्यूएनबीएत पहिल्या क्रमांकावर निवडली गेली ती गार्डच, केटलिन क्लार्क. पहिल्याच हंगामात ३३७ असिस्ट, तोवरचा लीगचा विक्रम. तिचा त्या वर्षीचा मूळ पगार ७६,५३५ डॉलर. त्याच वर्षी पुरुषांत पहिल्या क्रमांकावर निवडलेल्या पोराचा सव्वा कोटी डॉलर. आणि जागा? तेव्हा १२ संघ, प्रत्येकी जास्तीत जास्त १२ जणी. १४४. आमच्या गावच्या ग्रामपंचायतीच्या एका वॉर्डात जास्त मतदार आहेत. भाची म्हणाली, क्लार्कला जाहिरातींचे पैसे मिळतात. ते खरं आहे. पण ते क्लार्कला मिळतात.

आणि आपल्याकडे? भारतातून एनबीएच्या ड्राफ्टमध्ये पहिल्यांदा निवडला गेला तो पंजाबचा सतनाम सिंग, २०१५ मध्ये ५२ वा. पण तो सात फुटांवरचा सेंटर, आपल्या कामाचं उदाहरण नाही. आपल्या कामाचा विशेष भृगुवंशी. वाराणसीचा, गार्ड, भारताचा कर्णधार राहिलेला. २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या अॅडलेडच्या संघानं त्याला करारबद्ध केलं, तिथल्या लीगमध्ये असा करार मिळालेला तो पहिला भारतीय. २०२० चा अर्जुन पुरस्कार. आणि हे सगळं करताना नोकरी ओएनजीसीत. आपल्या बास्केटबॉलची खरी आखाजी ही आहे, नोकरी. ओएनजीसी, सैन्यदल, बँका, पोलीस, आणि महाराष्ट्रात सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण. मुलींच्या बाबतीत तर एकच नाव पुन्हा पुन्हा येतं. राष्ट्रीय स्पर्धांमध्ये वर्षानुवर्षं दबदबा आहे तो रेल्वेच्या संघाचा. पुण्याची शिरीन लिमये, भारताकडून खेळलेली, तीही रेल्वेचीच खेळाडू.

दाजी सावरून बसले. इतका वेळ डॉलर, ड्राफ्ट, टक्के ऐकून घेतलेला माणूस, पहिल्यांदा चेहऱ्यावर ओळखीचं हसू आलं.

“म्हंजे शेवटी रेल्वेतच गार्ड व्हायचं ना भो!”

बहीण आतून हसली. भाचीला ते फारसं रुचलं नाही. ती उठून खळ्याकडे गेली, तिथं सिमेंटचा कोबा आहे आणि भिंतीला दाजींनीच ठोकून दिलेली लोखंडी कडी, जमिनीपासून नऊ फुटांवर. मी म्हटलं, कडी एक फूट वर घ्या. दाजी म्हणाले, सकाळी घेतो. अंधारात टप्प्यांचा आवाज येत होता, आधी उजव्या हाताचा, सारखा, मग डाव्या हाताचा, अडखळत.